घरी गाडी विजेवर आणताना मोटर कुठून मिळवायची? बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातले वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत माझी बरीच वर्षं लेथवर आणि फिटिंगमध्ये गेली. जुनी मारुती ८०० विजेवर आणायचं काम हाती घेतलं तेव्हा बॅटरी, वायरिंग, ब्रेक या सगळ्यांपेक्षा जास्त दिवस मोटर शोधण्यात गेले. आता ती गाडी निपाणीजवळ मामेभावाच्या मळ्यात चालते. बघून गेलेली माणसं घरी गेल्यावर फोन करतात, आणि बहुतेकांचे प्रश्न तेच असतात. ते इथं एकत्र लिहिले आहेत. मोटरीत अडकलेले पैसे सहसा परत येत नाहीत, म्हणून आगाऊ रक्कम देण्याआधी एकदा शेवटपर्यंत वाचा.

स्वतः मोटर बसवलेली गाडी रस्त्यावर चालवता येते का?

नाही. सार्वजनिक रस्त्यावर येत नाही. हे सगळ्यात आधी लिहिण्याचं कारण असं की यावरूनच पुढचा सगळा हिशेब बदलतो.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर नोंदलेल्या गाडीत परवानगीविना असा बदल करता येत नाही. पेट्रोलची गाडी विजेवर आणायला कायद्यानं वाट ठेवली आहे, पण ती मंजूर किटची वाट आहे. एआयएस-१२३ या मानकाप्रमाणे मोटर, तिला हवी तेवढी वीज सोडणारा कंट्रोलर, बॅटरी असा पूर्ण संच पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून घेतलेला असावा लागतो. तो किट बनवणाऱ्यानं नेमलेल्या माणसानंच बसवायचा, आणि त्यानंतर आरटीओ आरसीवर इंधन बदलल्याची नोंद करतो. कोल्हापुरातून मोटर, बेंगळुरूहून कंट्रोलर असं जमवून केलेल्या गाडीला ही नोंद मिळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए खाली, परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झालाच तर विमा कंपनी हात वर करते, ते वेगळं.

म्हणून आधी स्वतःशी ठरवा. रोज बेळगाव-खानापूर करायचं असेल तर मंजूर किटच घ्या. मळा, कारखान्याचं आवार, कॉलेजचं मैदान अशा खासगी जागेत चालवायची असेल, किंवा व्हीटीयू विद्यापीठाचा प्रोजेक्ट असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. किट घेणाऱ्यांनीही खालचं चढाचं गणित करूनच किटवाल्याला प्रश्न विचारावेत.

कोल्हापूरची एमएच-०९ गाडी स्वस्त मिळते आहे. ती घेऊन बदल करावा का?

मळ्यातच ठेवायची असेल तर कागदांचा घोळ कमी. पण किट बसवून पुढं रस्त्यावर आणायचं मनात असेल तर आधी कोल्हापूर आरटीओची एनओसी घ्या, गाडी बेळगावची केए-२२ किंवा चिकोडीची केए-२३ करून घ्या आणि मगच खोला. कायद्याप्रमाणे दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेली गाडी तिथं नव्यानं नोंदवावी लागते. इंजिन उतरवलेली गाडी तपासणीला नेऊन उभी केली तर काम पुढं सरकत नाही. सीमेवर राहणाऱ्या आपल्या लोकांना दोन राज्यांच्या खिडक्यांचा अनुभव आहे, तरी या क्रमात हमखास चूक होते.

मला किती किलोवॅटची मोटर लागेल?

गाडीचं इंजिन किती बीएचपीचं होतं ते विसरा आणि तुमच्या वाटेवरचा सगळ्यात खडा चढ मोजा. गवंड्याकडं पाणी भरलेला पारदर्शक लेव्हल पाइप असतो, तो मागून आणा. चढावर दहा मीटर लांबी आखा, पाइपची दोन टोकं दोन ठिकाणी उभी धरा आणि जमिनीपासून पाणी किती उंचीवर आहे ते दोन्हीकडं मोजा. फरक ८० सेंटिमीटर आला तर चढ आठ टक्के.

आता वजन. मारुती ८०० रिकामी साधारण ६५० किलो. इंजिन, टाकी, सायलेन्सर उतरवून मोटर-बॅटरी चढवली आणि तीन माणसं बसली की ९०० किलो धरा. आठ टक्के चढावर गाडीला मागं ओढणारा जोर ९०० × ९.८ × ०.०८, म्हणजे सुमारे ७०५ न्यूटन. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११.१ मीटर. दोन्हींचा गुणाकार ७.८ किलोवॅट. टायरचं घर्षण आणि हवेचा विरोध मिळून आणखी पावणेदोनच्या आसपास. गिअरबॉक्समध्ये दहावा हिस्सा जातो. म्हणजे मोटरच्या शाफ्टवर साडेदहा ते अकरा किलोवॅट पाहिजेत, आणि चढ संपेपर्यंत सलग पाहिजेत.

हीच गाडी सपाटीवर ताशी ६० नं पळवायला जेमतेम चार किलोवॅट लागतात. म्हणून सपाट रस्त्यावर चालवून दाखवलेली गाडी बघून कुणी मोटर ठरवू नये. तवंदी घाटासारखा चढ धरा. चार किलोमीटरचा चढ ताशी ४० नं चढायला सहा मिनिटं लागतात. चोर्ल्याकडं तर चढ आणखी लांब चालतो. या सहा मिनिटांत मोटर किती तापते, त्यावर तिचं आयुष्य ठरतं.

मळ्यातल्या वाटेवर ताशी २५ पुरेसे असतील तर त्याच चढाला साडेसहा किलोवॅट लागतात. वेग कमी केला की गरज कशी उतरते बघा. खिशाला परवडणारी मोटर याच हिशेबातून सापडते.

विकणारा १० किलोवॅट म्हणतो. खरं कसं ओळखायचं?

सलग किती आणि कमाल किती, हे दोन आकडे वेगवेगळे विचारा. कमाल ताकद मोटर मिनिटभर, कधी काही सेकंदच देते.

माझी पहिली मोटर अशीच गेली. ऑनलाइन घेतली, डब्यावर १० किलोवॅट छापलेलं. ओढ्यापासून मळ्यातल्या शेडपर्यंत खडी वाट आहे. गाडीत खताची चार पोती आणि आम्ही दोघं. पहिल्या दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला अर्ध्या चढावर वार्निश जळल्यासारखा गोडसर, नाकाला झोंबणारा वास आला. उतरून बॉनेट उघडलं तर मोटरच्या अंगावर हात ठेववेना. वाइंडिंगवाल्यानं खोलून दाखवलं तेव्हा एका फेजच्या तारा काळ्या ठिक्कर पडल्या होत्या. विक्रेत्याला विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं की १० हा कमाल आकडा, सलग चारच. डब्यावर तसं कुठंही लिहिलेलं नव्हतं, आणि पैसे परत मिळाले नाहीत.

नेमप्लेटवर एस१ असेल तर तो आकडा सलग चालण्याचा. एस२ असेल तर पुढं मिनिटं लिहिलेली असतात, तेवढा वेळच ती ताकद. एस३ म्हणजे थांबून थांबून चालण्याची. नेमप्लेटच नसेल तर वजन बघा. पंख्यानं थंड होणारी पाच-सहा किलोची मोटर दहा किलोवॅट सलग देते असं कुणी सांगितलं तर तिथून उठा.

डीसी, बीएलडीसी, इंडक्शन यातली कुठली घ्यावी?

तिन्हींवर गाड्या चालतात. ब्रशवाली डीसी सिरीज मोटर सुटताना दणकून जोर देते, तिचा कंट्रोलर साधा आणि स्वस्त असतो. पण कार्बन ब्रश झिजतात आणि उतारावर वीज परत बॅटरीत घालणं तिला नीट जमत नाही. चुंबकवाली बीएलडीसी किंवा पीएमएसएम वजनाला हलकी असते, कमी विजेत जास्त काम करते. मात्र जास्त तापली तर चुंबक कायमचे मंदावतात. इंडक्शन मोटरमध्ये चुंबकही नाहीत आणि ब्रशही नाहीत. मार खाणारी, वजनानं जड, आणि वाइंडिंग जळलं तर आपल्या गल्लीतसुद्धा दुरुस्त होणारी.

आपल्या भागासाठी माझी पसंती इंडक्शनला. बीएलडीसी बिघडली की ती उलगडून बघणारा माणूस जवळपास मिळत नाही. इंडक्शन मोटर दुरुस्त करणारे निपाणी, संकेश्वर, गोकाक कुठंही गेलात तरी सापडतात. विहिरीच्या आणि कारखान्याच्या मोटरींवर त्यांचा हात बसलेला असतो.

घरी १० एचपीची थ्री-फेज मोटर पडून आहे. तीच बसवली तर?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. प्रत्येक शेतकऱ्याच्या शेडमध्ये अशी एखादी मोटर असते.

आहे तशी बसणार नाही. १० एचपी म्हणजे ७.५ किलोवॅट, ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ, १४४० फेरे. ४१५ व्होल्ट तयार करायला बॅटरी ५८५ व्होल्टच्या पुढं लागेल. घरगुती कामात तेवढ्या डीसी व्होल्टेजच्या जवळ जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. स्टार-डेल्टाची युक्ती काही जण सुचवतात. पण या आकाराच्या मोटरी मुळात डेल्टातच चालणाऱ्या असतात, त्यामुळं त्यातून काही सुटका होत नाही.

रस्ता आहे तो रिवाइंडिंगचा. ७२ व्होल्टच्या बॅटरीतून कंट्रोलर साधारण ५० व्होल्ट एसी काढतो, म्हणजे ४१५ चा आठवा हिस्सा. तेव्हा प्रत्येक कॉइलचे वेढे आठव्या हिश्श्यावर आणायचे आणि तारेचं एकूण क्षेत्रफळ आठपट करायचं. एक जाड तार खाचेत वळत नाही, म्हणून अनेक बारीक तारा एकत्र धरून गुंडाळतात. एवढं केलं की मोटर १४४० फेऱ्यांपर्यंत पूर्ण जोर देते, सुमारे ५० न्यूटन-मीटर. त्याच्या दुप्पट फेऱ्यांपर्यंत पूर्ण जोर पाहिजे असेल तर वेढे आणखी निम्मे करावे लागतात, आणि करंट दुप्पट देणारा कंट्रोलर लागतो. वाइंडिंगवाल्याला फक्त 'व्होल्टेज कमी करून दे' म्हणून सोडू नका. जुने वेढे त्याच्यासमोर मोजा, नवा आकडा कागदावर लिहून द्या, आणि इन्सुलेशन एच क्लासचं, म्हणजे १८० अंश सोसणारं मागा.

आणखी तीन गोष्टी. बिडाच्या बॉडीची ही मोटर साठ-सत्तर किलो भरते, त्यामुळं इंजिनचे जुने माउंट तपासून मजबूत करावे लागतात. तिचा पंखा शाफ्टवरच असतो. चढावर फेरे कमी आणि उष्णता जास्त, नेमका तेव्हाच वारा कमी, म्हणून मागं बॅटरीवर चालणारा वेगळा पंखा लावा. आणि कंट्रोलरला शाफ्टचा वेग कळावा लागतो, त्यासाठी मागच्या टोकाला एन्कोडर बसवावा लागतो.

विहिरीतली सबमर्सिबल मात्र मुळीच नको. ती पाण्यात राहून थंड होण्यासाठीच बनलेली असते.

ई-रिक्षाची मोटर चालेल?

कारला नाही. बॅटरीवरच्या साध्या ई-रिक्षाची मोटर एक-दीड किलोवॅटची असते. वरचं गणित बघा.

जुन्या इलेक्ट्रिक गाडीची मोटर घ्यावी का?

मिळाली तर याहून चांगलं काही नाही, पण संच पूर्ण पाहिजे. बेंगळुरूची रेवा २००१ मध्ये आली. सुरुवातीच्या गाड्यांत ४८ व्होल्टची डीसी मोटर होती, पुढच्या रेवा-आयमध्ये एसी इंडक्शन. महिंद्राची ई२ओ २०१३ ची, तिची थ्री-फेज इंडक्शन मोटर १९ किलोवॅट आणि ५३ न्यूटन-मीटरची, तीही ४८ व्होल्टवर. मारुती ८०० किंवा ऑम्नीएवढ्या गाडीला हे माप बरोबर बसतं. ई-व्हेरिटो ७२ व्होल्टची, तिची मोटर आणखी ताकदवान. १९ हा ई२ओच्या मोटरचा कमाल आकडा आहे, हे तेवढं ध्यानात ठेवा.

या गाड्या बेंगळुरूला जास्त खपल्या, म्हणून शोधही तिकडंच घ्यावा लागतो. मोटरबरोबर कंट्रोलर, ॲक्सिलरेटर पेडल, वायरिंगची जुडी आणि सगळे प्लग कनेक्टरसकट मागा. भंगारवाले वायर कापून तांबं वेगळं काढतात. कापलेली जुडी पुन्हा जोडताना मला तीन आठवडे लागले.

२०२० नंतरच्या नेक्सॉन ईव्हीसारख्या अपघातग्रस्त गाडीची मोटर मोहात पाडते. ती तीनशेच्या वरच्या व्होल्टेजवर चालते, आणि तिचा इन्व्हर्टर गाडीच्या बाकी कॉम्प्युटरशी बोलल्याशिवाय हलत नाही. इलेक्ट्रॉनिक्समध्ये मुरलेला मित्र सोबत नसेल तर हात घालू नका.

कुठलीही जुनी मोटर घेताना पक्कं बिल घ्या आणि त्यावर मोटरचा नंबर लिहून घ्या. चोरीच्या मालाची जबाबदारी आपल्या गळ्यात पडायला नको.

फोर्कलिफ्टच्या मोटरबद्दल ऐकलंय. ती कशी?

बॅटरीवरचा जुना फोर्कलिफ्ट निकालात निघतो तेव्हा त्यातली डीसी सिरीज मोटर ही गाडी बनवणाऱ्यासाठी मोठी ठेव असते. मोठी गोदामं, बंदरं, थंड साठवणुकीची कोठारं इथं असे फोर्कलिफ्ट असतात. आपल्याला कोल्हापूरची शिरोली, गोकुळ शिरगाव आणि गोव्याकडची बाजू जवळ पडते. कारखान्याच्या मेंटेनन्सवाल्याशी ओळख काढा. भंगाराच्या लिलावात वजनावर जाण्याआधी ती मोटर त्याच्याच हाताखालून जाते.

एका फोर्कलिफ्टमध्ये दोन मोठ्या मोटरी असतात, एक चाकांची आणि एक हायड्रॉलिक पंपाची. चाकांची मोटर जास्त सोसणारी. पण तिच्या पुढच्या बाजूला बऱ्याचदा बेअरिंग आणि झाकणच नसतं, कारण तो भार फोर्कलिफ्टचा गिअरबॉक्स घेत असतो. तसं असेल तर पुढची प्लेट आणि बेअरिंगचं घर नव्यानं बनवावं लागतं. पंपाच्या मोटरचा शाफ्ट जोडायला सोपा असतो, मात्र ती एकाच दिशेनं फिरण्यासाठी बसवलेली असू शकते. गाडीच्या गिअरबॉक्सला कुठली दिशा लागते ते आधी बघा. मूळ व्होल्टेजपेक्षा वर चालवणार असाल तर ब्रशची जागा फिरण्याच्या उलट बाजूला थोडी सरकवावी लागते, नाहीतर ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या कम्युटेटरवर ठिणग्या उडतात.

एक धोका ठळक सांगतो. सिरीज मोटर भाराविना पूर्ण व्होल्टेजवर कधीच लावायची नाही. तिचा वेग वाढतच जातो आणि आत फिरणारं आर्मेचर फुटून तुकडे उडतात. मोकळी फिरवून बघायची तर १२ व्होल्टच्या बॅटरीवर, मोटर पक्की बांधून, काही सेकंदच.

नवीन मोटर कुठून मागवावी?

पुणे, बेंगळुरू आणि कोईमतूर या तिन्हीकडं गाड्यांसाठी मोटर बनवणारे आहेत. एक नग द्यायला सगळे तयार होत नाहीत. कॉलेजच्या लेटरहेडवर मागितलं तर लवकर उत्तर येतं. चीनहून मागवताना मोटरची किंमत बघून खूश होऊ नका. भाडं, कस्टम ड्युटी, आयजीएसटी, क्लिअरिंग एजंट हे सगळं धरून आकडा काढा, आणि वॉरंटीसाठी मोटर परत पाठवणं परवडेल का ते स्वतःला विचारा. बहुतेकदा परवडत नाही.

देशातल्या मोटरवर १८ टक्के जीएसटी असतो. इलेक्ट्रिक गाडीवरचा ५ टक्के दर सुट्या मोटरला लागत नाही. महाराष्ट्रातून कर्नाटकात माल आणताना बिल ५० हजारांच्या वर असेल तर ई-वे बिल लागतं. कोल्हापूरहून ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकून आणू म्हणणारे भेटतात. त्या भानगडीत पडू नका, बिलाविना वॉरंटीही जाते.

मोटरच्या किमती मी मुद्दाम लिहीत नाही, चार महिन्यांत त्या बदलतात. मोटर आणि कंट्रोलर दोन्हींची एकत्र किंमत विचारा, एवढंच सांगतो.

कंट्रोलर वेगळीकडून घेतला तर स्वस्त पडेल ना?

पडेल, पण दोघांचं जुळलं पाहिजे. शाफ्ट कुठं आणि किती वेगात आहे ते कंट्रोलरला कळवायला काही मोटरींत हॉल सेन्सर असतो, काहींत एन्कोडर, काहींत रिझॉल्व्हर. कंट्रोलरला यातलं नेमकं जे वाचता येतं तेच मोटरमध्ये हवं. कर्टिसचे १२३८ सारखे कंट्रोलर इंडक्शन मोटरसाठी आहेत आणि त्यांत मोटरची माहिती आकड्यांत भरावी लागते. ती भरायला लागणारं प्रोग्रामर विक्रेत्याकडं आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा. माझी दुसरी मोटर चांगली होती, आजही तिच्यात दोष नाही. पण तिच्या रिझॉल्व्हरशी बोलणारा कंट्रोलर परवडणाऱ्या दरात मिळाला नाही, म्हणून ती फळीवर आहे. तेव्हापासून संच मिळत असेल तरच घ्या असं सगळ्यांना सांगतो.

करंटचा अंदाजही इथंच घ्या. चढावरच्या पावणेअकरा किलोवॅटसाठी नुकसान धरून बॅटरीतून साडेबारा किलोवॅट जातात. ७२ व्होल्टवर ते १७५ अँपिअर, ९६ वर १३०. कंट्रोलरचाही सलग आकडा यापेक्षा वर पाहिजे.

जुनी मोटर घेण्याआधी जागेवर कशी तपासू?

पिशवीत मल्टिमीटर, ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर), हातातलं ड्रिल मशीन, ॲलन चाव्या आणि टॉर्च ठेवा. मेगर नसेल तर वाइंडिंगवाल्याकडून तासाभरासाठी मागा, आपल्याकडं माणसं देतात.

आधी शाफ्ट हातानं फिरवा आणि कान जवळ न्या. बेअरिंग खरखरत असेल तर ते बदलता येतं, त्यावरून मोटर सोडू नका, दर कमी करून घ्या. शाफ्ट वर-खाली हलत असेल तर मात्र आत घासलं असण्याची शक्यता आहे. मग प्रत्येक टर्मिनल आणि बॉडी यांच्यामध्ये मेगर लावा. एक मेगाओमच्या खाली आलं तर थांबा. ओल किंवा कार्बनची पूड असेल तर सुकवून, साफ करून सुधारतं, पण ते विक्रेत्यानं करून दाखवावं.

चुंबकवाल्या मोटरसाठी सोपी परीक्षा आहे. तिन्ही जाड वायरी मोकळ्या ठेवून शाफ्ट फिरवा, मग तिन्ही एकमेकींना जोडून फिरवा. जोडल्यावर शाफ्ट मधात फिरवल्यासारखा जड लागला पाहिजे, आणि सगळ्या फेऱ्यात सारखा जड. कुठं जड, कुठं मोकळा लागला तर वाइंडिंग किंवा चुंबकात दोष आहे. नंतर वायरी सोडवून ड्रिलनं एकाच वेगात फिरवा आणि दोन-दोन वायरींमधलं एसी व्होल्टेज मोजा. तिन्ही जोड्यांचं वाचन जवळजवळ सारखं यायला हवं. तिन्ही सारखं पण कंपनीच्या आकड्यापेक्षा बरंच कमी येत असेल तर चुंबक तापून मंदावलेत. हॉल सेन्सरला ५ व्होल्ट देऊन, सिग्नल वायर आणि ५ व्होल्ट यांच्यामध्ये छोटा पुल-अप रेझिस्टर जोडून शाफ्ट हळू फिरवला की प्रत्येक सिग्नल वायर शून्य आणि पाच यांमध्ये बदलत राहिली पाहिजे.

डीसी मोटरचं ब्रशवरचं झाकण काढून टॉर्च मारा. कम्युटेटरचं तांबं एकसारख्या चॉकलेटी रंगाचं असेल तर मोटर नीट वापरलेली आहे. एक-दोन पट्ट्या काळ्या जळलेल्या किंवा बोटाला लागेल अशी खाच दिसली तर लेथवर किती घासावं लागेल ते बघून मगच बोला.

फेजचा रेझिस्टन्स साध्या मल्टिमीटरनं मोजायला जाऊ नका. तो मिलीओममध्ये असतो, मीटर शून्यच दाखवतो आणि उगाच शंका येते.

गिअरबॉक्स ठेवावा की काढावा?

ठेवा. मारुती ८०० मध्ये डिफरन्शियल गिअरबॉक्सच्या पोटातच आहे, त्यामुळं तो काढून चालतच नाही. ऑम्नीला मागं जाणारा प्रोपेलर शाफ्ट आहे, तिथं मोटर थेट जोडता येते, पण मग सगळा जोर मोटरनंच द्यायचा. ९०० किलोची गाडी वीस टक्के चढावर हलवायला चाकांना सुमारे ४७० न्यूटन-मीटर लागतात. पहिल्या गिअरमध्ये ढोबळ मानानं पंधरापट मिळत असेल तर गिअरमधलं नुकसान धरून मोटरला ३५ पुरतात. फक्त डिफरन्शियलची चारपट असेल तर १३० पाहिजेत. तेवढी मोटर महाग, कंट्रोलर त्याहून महाग.

जोडणीची प्लेट आणि कपलर (मोटरचा शाफ्ट गिअरबॉक्सच्या शाफ्टला जोडणारा भाग) बनवणं हे आपल्या भागाचं बळ आहे. बाकी देशात लोक यासाठी अडून बसतात. उद्यमबागेत किंवा मच्छेला चांगला टर्नर आणि व्हीएमसीवाला (कॉम्प्युटरवरचं मिलिंग मशीन चालवणारा) शोधायला एक सकाळ पुरते. गिअरबॉक्सच्या तोंडाचा छाप कार्डबोर्डवर घ्या, पण भोकांची मापं गिअरबॉक्स टेबलावर ठेवूनच काढा. कपलरसाठी जुन्या क्लच प्लेटचा मधला स्प्लाइनवाला हब वापरा. इनपुट शाफ्टचं टोक मुळात फ्लायव्हीलच्या मधल्या बेअरिंगमध्ये टेकतं, तेव्हा नव्या कपलरमध्येही त्याला टेकू द्या. शेवटी डायल गेज लावून कपलर फिरताना किती डगमगतो ते बघा. ०.०५ मिलिमीटरच्या आत आलं पाहिजे. माझं पहिलं कपलर ०.२ नं बाहेर होतं. दोन हजार फेऱ्यांवर स्टिअरिंग हातात थरथरायचं, आणि महिन्यात मोटरचं पुढचं बेअरिंग गेलं.

आमच्याकडं पाऊस फार. मोटर भिजली तर?

खानापूर, कणकुंबी बाजूला राहत असाल तर मोटरच्या धूळ-पाणी अडवण्याच्या दर्जात आयपी६५ च्या खाली जाऊ नका, आयपी६७ मिळाली तर उत्तम. ब्रशवाली डीसी मोटर उघडी असते, तिला खालून पत्र्याचा ट्रे आणि वारा आत घ्यायला वरून नळी द्या. केबलच्या प्रवेशाचं तोंड नेहमी खाली ठेवा, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळत मोटरमध्ये शिरणार नाही.

पहिल्यांदा मोटर फिरवताना काय काळजी घ्यावी?

६० व्होल्टच्या वरचं डीसी जीवघेणं असतं. अंगठी, घड्याळ, गळ्यातली साखळी काढून ठेवा. बॅटरीला फ्यूज आणि हातानं तोडता येईल असा मोठा स्विच आधी, मोटर नंतर. एकट्यानं करू नका. दुसरा माणूस फक्त त्या स्विचपाशी उभा ठेवा, त्याला दुसरं काही काम देऊ नका.

पुढची चाकं उचलून स्टँडवर टेकवा, नुसत्या जॅकवर ठेवू नका, मागच्या चाकांना दगड लावा. कंट्रोलरमध्ये करंटची मर्यादा अगदी कमी ठेवा आणि दुसऱ्या गिअरमध्ये पेडल किंचित दाबा. चाकं उलटी फिरली तर घाबरू नका. इंडक्शनच्या दोन फेज अदलाबदल केल्या की दिशा बदलते, मात्र एन्कोडरची दिशाही कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये बदलावी लागते. चुंबकवाल्या मोटरमध्ये मात्र हॉलच्या वायरींचा क्रमही जुळवावा लागतो, नुसत्या फेज बदलून ती धक्के देत जास्त करंट ओढते. दहा मिनिटं हळू फिरवून बंद करा आणि हाताच्या पाठीनं पुढचं बेअरिंग, मागचं बेअरिंग आणि बॉडी चाचपून बघा. पुढचं बेअरिंग मागच्यापेक्षा गरम लागलं तर मोटर पुन्हा उतरवून कपलरला डायल लावा. तिन्ही जागा सारख्या कोमट असतील तर गाडी खाली घ्या, आणि पहिली फेरी सपाटीवर, रिकामी मारा.